राहिलेले नमस्कार

पोरीचा बाप मला तोंडावर म्हणाला होता, "बाई, तिच्या अंगातच हाय ते. तुमी नुसती शिटी वाजवा."

गणपतीला मुंबईहून गावी आला होता. हातात लाडवांचा डबा घेऊन शाळेच्या मैदानावर मला भेटायला आला आणि हे बोलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा घेतला, लाडवांचा काही दोष नव्हता. पण म्हटलं, "शिटी वाजवायला शाळेत शिपाई आहे. मी कबड्डी शिकवते."

तो नुसता हसला. गडी स्वतः खेळलेला. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून कोपरा सांभाळायचा आणि शिमग्याला गावी आला की पोटाचा घेर विसरून अजूनही मैदानात उतरतो. पोरीची चढाई आपल्याच रक्तातून आली आहे, अशी त्याची ठाम समजूत. वर आणि वाडीतले चार जण माना डोलवायला हजर.

मी महाडची. नवरा बिरवाडीकडे कंपनीत शिफ्टला जातो आणि मी सकाळच्या एसटीने पोलादपूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या हायस्कूलमध्ये. कागदावर खेळाची शिक्षिका. प्रत्यक्षात कोणीही रजेवर गेलं की त्याचा तास माझ्या गळ्यात, कारण खेळाच्या बाईला काम काय असतं! संघ हरला की बाईंनी शिकवलं नाही, आणि जिंकला की पोरींच्या अंगातच आहे. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

पण बाप लाडवांसाठी आला नव्हता. खरं कारण हळूच बाहेर आलं. तो आणि थोरला मुलगा मुंबईत एका खोलीत राहतात. खानावळीचं खाऊन दोघांच्या पोटाची वाट लागलेली. बायको गावची शेती आणि म्हातारी सोडून जाऊ शकत नाही. म्हणून दहावी झाली की पोरीला तिकडे न्यायचं, दोघांच्या भाकऱ्या थापायला.

"आणि शिक्षण?" मी विचारलं.

"शिकंल की तिकडंच."

हे 'शिकंल की तिकडंच' मी बऱ्याच बापांकडून ऐकलं आहे. पोरगी आंब्याखाली उभी राहून अंगठ्याने माती उकरत होती. सकाळीच मला म्हणाली होती, "बाई, मला नाय जायचं. मला महाडला अकरावीला बसायचंय. खेळायचंय." बापासमोर मात्र तोंडातून शब्द नाही.

माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. म्हटलं, "जिल्ह्याला जिंकलो तर ठेवाल इथे?"

त्याने एकदा शाळेकडे पाहिलं, एकदा चिखलाच्या मैदानाकडे. "जिल्ह्याला? आपली शाळा?" मग हसू दाबत म्हणाला, "जिंका. मग ठेवतो."

शब्द दिला तो, चेष्टेत का होईना. मी तो पक्का धरून ठेवला.

आता खरं सांगते, बाप पूर्ण चुकीचा नव्हता. ही पोरगी आठवीत पहिल्यांदा मैदानात उतरली तेव्हाच मी हातातला चहा खाली ठेवला होता. डोंगरावरच्या वाडीतून रोज उतरून येणारी, लाकडाचे भारे डोक्यावरून आणलेली. तिचा तोल म्हणजे तोल! समोरच्या फळीपासून लांब उभी आहे असं वाटावं आणि तिचा पाय सापासारखा निघून कोपऱ्यातल्या मुलीला टिपून यावा. हा पाय तिला मी दिलेला नाही. कोणीच दिलेला नाही. कपाळावर लिहून आणलेला.

पण एक भानगड होती, आणि ती जगात फक्त आमच्याकडेच होऊ शकते.

तिचा पाय समोरच्या मुलीला लागला, की तिचा हात आपोआप खाली जायचा. लागलं त्या जागी बोटं टेकवून ती बोटं कपाळाला लावायची. नमस्कार! कोणाला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे तिच्या आजीने ती रांगत होती तेव्हापासून अंगात मुरवलेलं. आता सांगा, कबड्डीत पाय लावायचा, गुण घ्यायचा आणि जीव घेऊन मध्यरेषेकडे पळायचं. हे आमचं गुणी बाळ तिथे वाकून पाया पडतंय! वर दमही तुटायचा, कारण नमस्कार करताना कबड्डी कबड्डी म्हणणं तिला बरं वाटायचं नाही. सात जणी अंगावर पडायच्या आणि त्यांच्याखालून हिचा आवाज यायचा, "बाई, पाय लागला ना!"

बाप येण्याआधीचा श्रावणभर मी हाच उद्योग केला होता. बाहेर चिखल, म्हणून प्रार्थनेच्या हॉलमध्ये सराव. ओरडून पाहिलं. हात मागे ओढणीने बांधून पाहिले, तर तिचा तोलच गेला. मग स्वतःच कोपऱ्यात उभी राहिले. म्हटलं, लाव पाय मला, आणि पळ. लावला. आणि वाकली. बाईंना पाय लागला म्हणजे तर काय, दोन्ही हातांनी! मी तिला तिथल्या तिथे पकडून खाली बसवली. "अगो बये, मी तुझी बाई नाही, मी आत्ता तुझी दुश्मन आहे!" ती मान हलवायची. पुढच्या चढाईला पुन्हा तेच.

दुसरी चिंता वेगळीच. आमच्या उजव्या कोपऱ्याला उभी राहणारी मुलगी हायवेलगतच्या गावातली, अंगाने भरलेली, स्वभावाने गरीब. तिला सुरुवातीला कोंबडीसुद्धा धरता आली नसती. तिच्या अंगात काहीही नव्हतं, बापाच्या भाषेत. तिला मी घोटा कसा धरायचा ते शिकवलं. डोळे समोरचीच्या तोंडावर नाही, गुडघ्यावर. एवढं एकच. रोज, हॉलच्या फरशीवर, कोपरं सोलेपर्यंत. ती एकदाही कुरकुरली नाही.

गणपतीनंतर तालुक्याला आम्ही जिंकलो, पण कशाबशा. पोरीने नमस्कार करता करता तीन वेळा पकड दिली. जिल्ह्याला हे चालणार नव्हतं. तिथे खाडीकडच्या शाळा येतात, आणि त्या मुली काय पकड करतात म्हणता! एकदा धरलं की सुटका नाही. पोरगीसुद्धा ओळखून होती. परतीच्या एसटीत ढाल तिच्या मैत्रिणी नाचवत होत्या आणि ही मला म्हणते, "बाई, माझ्यापायी जाणार सगळं. मग मी चालली भाकऱ्या थापायला."

त्याच एसटीत मला उत्तर सापडलं. गाडी खच्चून भरलेली. पोरीच्या दोन्ही हातांत संघाच्या पिशव्या. ब्रेक लागला आणि तिचा पाय सीटवरच्या एका आजीला लागला. मी बघत होते. हात आता खाली जाणार, पिशव्या पडणार. पण नाही. ती नुसती म्हणाली, "आजी, पाय लागला गो. उतरल्यावर करते नमस्कार." आणि उतरल्यावर खरंच, पिशव्या रस्त्यावर ठेवल्या, टाचा उंचावून खिडकीतल्या आजीच्या हाताला बोटं लावली, कपाळाला लावली, आणि मग गाडी सुटली.

मी तिथे स्टँडवर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. बया थांबू शकते! तिला नमस्कार पुढे ढकलता येतो. मी महिनाभर तिला तो सोडायला सांगत होते, आणि आजीचं शिकवणं मोडायला कोण तयार होईल? मीसुद्धा झाले नसते.

दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेतलं. "हे बघ गो, नमस्कार सोडायचा नाही. बाकी ठेवायचा. आधी आपल्या अंगणात परत ये. सामना संपला की ज्यांना ज्यांना पाय लागला त्यांना एकेक करून कर. कोणाचा ठेवायचा नाही."

तिने विचार केला. "चालंल देवाला?"

"देवाला एसटीत चाललं ना?"

ती हसली. आणि त्या दिवशी हॉलमध्ये तिने लांब पाय टाकला, कोपऱ्यातल्या मुलीला टिपलं, आणि वाऱ्यासारखी मध्यरेषेपार परत आली. हात अर्धा खाली गेला होता. पण वाकली नाही. मी शिटी वाजवायचीच विसरले.

दिवाळीच्या आधी अलिबागकडे जिल्ह्याचे सामने झाले. बाप मुंबईहून लाँचने मांडव्याला आणि तिथून मैदानावर. दोरीपाशी हाताची घडी घालून उभा. "बघू, रक्त काय बोलतंय," म्हणाला. मी पोरींना रांगेत उभं केलं.

फायनलला खाडीकडचीच शाळा. मध्यंतराला आम्ही मागे. मग पोरगी सुटली. तिचा तो पाय निघायचा, लागायचा आणि ती परत. प्रत्येक वेळी मध्यरेषा ओलांडली की समोरच्या मुलीकडे बोट करून काहीतरी पुटपुटायची. पंचांना वाटलं चिडवते आहे. त्यांनी ताकीद दिली. मी धावत गेले आणि सांगितलं, "अहो, ती नमस्कार मोजतेय!" पंच माझ्याकडे असे बघायला लागले की मी गुपचूप जागेवर परत आले.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि चढाई पोरीची. तिने डावा कोपरा टिपला, दोघींनी झडप घातली, आणि ती त्यांच्या हातांखालून निसटून आली. एक गुण पुढे. दोरीपाशी बाप उड्या मारत होता, "रक्त हाय रक्त!"

पण अजून त्यांची शेवटची चढाई बाकी होती. त्यांची सगळ्यात तगडी मुलगी आली आणि सरळ आमच्या उजव्या कोपऱ्यावर. आमची गरीब गाय तिथे. तिने समोरचीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. गुडघा वळला, हिने घोटा धरला आणि डोळे मिटून पडून राहिली. बाकीच्या सहाजणी वरून पडल्या. शिटी झाली.

आम्ही जिंकलो! डोंगरातली, चिखलाच्या मैदानाची आमची शाळा! मी कोणाकोणाला मिठ्या मारल्या मला आठवत नाही, बहुतेक एका पंचालाही मारली. एवढा अभिमान मला माझ्या स्वतःच्या कोणत्या बक्षिसाचा वाटला नव्हता.

आमच्या पोरी नाचत होत्या आणि चढाईची पोरगी तेवढी गायब. पाहते तर ती समोरच्या संघात. त्या मुली रडत बसलेल्या. ही एकेकीसमोर वाकून त्यांच्या पायाला बोटं लावते आहे, कपाळाला लावते आहे. "तुझे दोन राहिलेत," म्हणाली एकीला. ती खाडीकडची मुलगी आधी चमकली, मग रडता रडता हसायला लागली आणि तिने हिला उठवून कवटाळलं. सगळं मैदान बघत होतं. बापही बघत होता, आणि त्याच्या हातांची घडी सुटली होती.

मग ती माझ्याकडे आली आणि वाकली. मी म्हटलं, "मला कुठे पाय लागला तुझा?"

"श्रावणात, बाई. हॉलमध्ये. लई वेळा."

मी रडले. लपवलं नाही.

बाप जवळ आला. मला वाटलं, आता हा फिरणार शब्दाला. त्याने घसा साफ केला. "तो कोपरा कोणाचा?" त्याने विचारलं. मी सांगितलं, हायवेच्या बाजूची, बाप कधी कबड्डी खेळलेला नाही, आई खेळलेली नाही, घरात कोणीच नाही. कोपऱ्याचं काम काय असतं हे त्याला कोणी सांगायला नको होतं. मग पोरीकडे न बघता म्हणाला, "ऱ्हा इथं. आमी थापू आमच्या भाकऱ्या."

आता ती महाडला अकरावीत आहे आणि संध्याकाळी माझ्याकडे सरावाला येते. आता दम तुटत नाही. परवा मैदानावर तिचा फोन वाजला. ती माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "बाई, बाबा विचारतायत, भाताला पाणी किती घालायचं. आजपण करपलाय."

फोन मी घेतला. सोडते की काय! म्हटलं, "काय हो, अंगात नाही वाटतं तुमच्या?"

पलीकडून आधी थोरल्या मुलाचं हसणं ऐकू आलं. मग बाप म्हणाला, "नाय बाई. शिकवा तुमी."