हिराच्या दिराचे पाय

सगळ्यात आधी दारात टपकली ती आमची मासळीवाली चंपा. पाटी डोक्यावरून उतरवायच्या आधीच म्हणाली, "मार्थाताय, तुमच्या हिराच्या शेवंतीचं लगीन ठरलं. पन कन्यादान शेजारी करनार. सख्खा चुलता गावात हाय, त्याला आवतनच न्हाय."

हिरा माझी करंजाची बालमैत्रीण, मुरूडजवळच्या आगरदांड्याला दिलेली. एका वादळात तिचा नवरा आणि दीर पांडू एकाच होडीत होते. पांडू एकटा परतला. त्या दिवशी समुद्रात जायचा हट्ट त्याचाच होता. तेव्हापासून हिरा त्याच्याशी अक्षर बोलत नव्हती. मी ह्यांना म्हटलं, मी जाऊन येते. बाप नसलेल्या पोरीला काका तरी पाहिजे.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. तुम्ही आता पुलांवरून भुर्रकन जाता. तेव्हा करंजाहून होडीनं रेवस, मग एसटीनं अलिबाग, रेवदंड्याला उतरून पुन्हा होडीनं खाडी पार, आणि पलीकडून मुरूडची गाडी. भाडं आण्यांत, धूळ फुकट. रेवदंड्याला कांदाभजी आणि पाव खाल्ला. तसला पाव आता मिळत नाही, आणि मिळाला तरी दात कुठे आहेत? जाणार असाल तर उजवीकडची खिडकी धरा, समुद्र मुरूडपर्यंत सोबत येतो.

हिरानं जेवू घातलं आणि मग विचारलं, "मला बाटवायला आलीस काय?"

"न्हाय गं. तुझा देव तुझ्यापाशी राहू दे. पांडूला माफ कर, एवढंच मागते. आमचा येशू म्हणतो, माफी मोजूनमापून करू नये."

"तुमच्या येशूला दीर नव्हता."

"दगा देणारा शिष्य पंगतीला होता की. त्याचेही पाय धुतले येशूनं."

ती भांडी आपटत उठली. मीही हटणारी नव्हते.

सकाळी पांडू आला. भावाच्या वाट्याची मासळी तो रोज उंबऱ्याशी ठेवून जायचा आणि हिरा ती शेजारणीला देऊन टाकायची. दारात आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायची रीत, पण ह्याला कधी मिळालं नव्हतं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आमचे फादर लोकांचे पाय धुतात, ते माझ्या डोक्यात. तांब्या घेतला, खाली बसले आणि त्याचा पायच धरला.

"अगो ताय, सोड, पाप लागंल मना!" म्हणत गडी मागे सरला आणि चिखलात आडवा. बोंबील अंगणभर, कोंबड्या त्यांच्यावर.

हिरा धावत बाहेर आली. "मार्थे, याड लागलं काय तुला? माझ्या दिराला पाडतेस?"

माझा दीर, म्हणाली. तिचं तिलाही ऐकू आलं असावं. तिनं माझ्या हातातला तांब्या ओढून घेतला. "पानी मी घालते. पाय त्याचे तो धुवंल." पांडू पाय चोळत राहिला, ती पाणी घालत राहिली. आत शेवंती तोंडात पदर कोंबून रडत होती.

कन्यादान पांडूनंच केलं.

घरी आल्यावर शेजारणी विचारत, किती जण ख्रिस्ती केलेस? एकही नाही. मी काय त्यासाठी गेले होते? मी गेले ते वाया गेलं नाही, एवढं मला ठाऊक होतं.

पावसाळा सरल्यावर हिरा, पांडू, लेक-जावई एसटीनं आमच्याकडे आले. दोन दिवस नुसता दंगा. निघताना हिरा चप्पल घालता घालता पांडूला म्हणाली, "भावजी, पुढच्या खेपेला एसटी नको. तुमची होडी काढा, मी बसन." पांडू तिची पिशवी उचलायला वाकला होता, तो वाकलेलाच राहिला. मग जावयानं दिवस ठरवला, नाताळचा दुसरा.