मामांचा निर्जळी उपास

देव आपलं ऐकतो का, हे मी तेव्हा रोज विचारायची, त्या दिवशी तर विचारायचंही सुधरंना. आम्ही कन्नड मुलखात, आनेकलला राहतो, नवरा व्हाइटफील्डला ऑफिसची कॅब चालवतो, घरात मी, माझी रांगती पोरगी आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते. आमच्यात सून सासऱ्यासमोर पदर घेते, कामापुरतंच बोलते. मामा गुरुवारी निर्जळी उपास करायचे, मग सोमवार धरला, मग शनिवार पण. आम्हाला वाटलं, म्हातारपणी भक्ती वाढली. गल्लीतली माणसं पाया पडायची. सारखं लघवीला उठावं लागतं, थेंब थेंब होतं, म्हणून माणूस पाणीच सोडतोय, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका गुरुवारी सकाळी मामा घामानं भिजले, पोट दगडासारखं. "उपासानं झालंय, जाईल," म्हणाले. मला वाटलं पोटात पाणी नाही म्हणून असेल, तर मी तीर्थ म्हणून तांब्याभर पाणी पाजलं. देवाचं म्हणून त्यांनी नको म्हटलं नाही. मग तर त्यांना उभंच राहवंना. पोरीला काखोटीला मारलं नि मामांना धरून बसस्टँडवर आणलं, नवऱ्याचा फोन लागंना, माझ्या तोंडात नुसतं दत्ता दत्ता.

बाकावरचा एक म्हातारा मामांकडं बघतच राहिला. जवळ आला, कानात काही विचारलं. मामांनी माझ्याकडं बघितलं नि हळूच मान हलवली.

"अक्का, यांची लघवी अडकलीय," तो सरळ म्हणाला. "प्रोस्टेट वाढलं की होतं, मला पण झालेलं. स्वल्प पण, जरा पण थांबू नका." मग मामांना म्हणाला, "अण्णा, पुण्य नंतर मोजू, आधी पोट मोकळं करू."

त्यानंच ऑटो थांबवली, सोबत आला, दवाखान्यात सगळं त्यानंच सांगितलं. नळी घातल्यावर मामा लहान पोरासारखे रडले. मी वळून बघते तर म्हातारा गेलेला. नाव पण विचारायचं राहिलं.

जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, किती वर्षं तुंबून तुंबून मूत्राशय सैल पडलंय, किडनीला पण मार बसलाय, लवकर आणायला पाहिजे होतं. ऑपरेशन झालं, तरी नळी नि तिला लावलेली लघवीची पिशवी सुटली नाही. त्या म्हाताऱ्याला कुणी पाठवलं यावर मी वाद घालत नाही. वेळेवर पाठवलं का उशिरा, हे पण आता विचारत नाही. जेवढे मामा राहिलेत तेवढे देवाच्या हवाली.

आता मामा आतनं हाक मारतात, "पोरी, पिशवी भरली गं." मी हातातलं टाकून जाते. ती हाक आली की देवाला हात जोडावेसे वाटतात, आणि वाटतं, एवढीच हाक त्यांना आधी मारता आली असती तर.