घरगुती कारण

"अवो बाई, हा गॅप नाही, हा राजूर घाट हाय!"

बुलढाण्याच्या कॉलेजात बी.ए.च्या प्रवेशाच्या खिडकीमागचा बाबू मोठ्यानं बोलला. माझा चौथीचा दाखला त्यानं दोन बोटांत धरून वर केला होता, ओल्या फडक्यासारखा. मागं रांगेत पोरी होत्या, माझ्या लेकीहून लहान. त्या हसल्या. शिपायानं भर घातली, "मधातून एसटी बी निघून जाईन, साहेब."

मीही हसले. तेच अजून टोचतं. त्यांचं हसणं समजतं. मी काऊन हसले?

मी त्याच घाटाखालच्या गावातली. वांगी, मिरची लावते. नवरा गेला तेव्हा लेक सातवीत होती. ती चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचायची, मी भाकरी थापता थापता ऐकायचे. पुढं पुढं तिच्या आधी मीच उत्तर द्यायचे, मनातल्या मनात. लग्न होऊन ती शेगावला गेली तेव्हा पुस्तकं माझ्याजवळ ठेवून गेली. शाळा सुटलेल्यांसाठी एक पूर्वतयारीची परीक्षा असते, ती पास झालं की बी.ए.ला बसता येतं, हे तिनंच शोधून काढलं. मी पास झाले. घरात दीर आणि जाऊ. जाऊ म्हणाली, "कलेक्टर होऊन राह्यली का आता? मंग वांगे तोडाले कोन जाईन?"

तास शनिवारी आणि रविवारी. शनिवारचा तास सुटेपर्यंत आमच्याकडची शेवटची एसटी निघून जाते. मला दोनच गोष्टी पाहिजे होत्या. फीमध्ये सवलत, आणि शनिवारी पाठ टेकायला जागा.

सवलतीसाठी बाबूनं कोर्टातून प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. मधली सारी वर्षं का शिकले नाही, त्याचं कारण त्यात लिहायचं. मी मान हलवली आणि तिकडं गेलेच नाही. आणखी एका खिडकीवर हसून घ्यायची ताकद नव्हती. कानातलं मोडलं आणि पूर्ण फी भरली.

जागेसाठी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात गेले. तिथल्या मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लुगडं, पिशवी, चप्पल.

"इथे मुली राहतात, बाई. तुम्हाला कुठे बसवू मी? आणि तुमचा पालक कोण? पालकाची सही लागते."

माझे आईवडील गेलेले. नवरा नाही. धाकटा भाऊ लांब. दिराला विचारलं असतं तर त्यानं शिकणंच बंद केलं असतं. मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले. लाजाळू माणसाची हीच गत. तोंडातून शब्द निघत नाही, आणि समोरच्याला वाटतं की आत काही नाहीच.

मॅडमना दया आली. "स्वयंपाकाची बाई सोडून गेलीय. शनिवार-रविवार पोळ्या लाटा, कोठीत झोपा. पैसे नको मला."

मी हो म्हणाले. वरून त्यांच्या पाया पडले.

कोठीत गव्हाची पोती होती, तेलाचे डबे होते. त्यांच्या मधात माझी सतरंजी. भिंतीपलीकडं पोरींची खोली. मोबाईलवरची गाणी, एकमेकींना चिडवणं, परीक्षेच्या गोष्टी, सगळं ऐकू यायचं. मला वाटायचं, एखादी येईल, विचारेल, तुमचा कोणता पेपर अवघड आहे. दार वाजायचं. "मावशी, अजून एक पोळी हाये का?" मी द्यायचे. दार लोटलं जायचं. त्या वाईट नव्हत्या. त्यांना मी दिसतच नव्हते.

कणीक भिजवायची वेळ आणि तासाची वेळ एकच यायची. आधी मी तासातून थोडी लवकर उठायचे. मग अर्ध्यातून. मग शनिवारचा तास सुटलाच. मास्तरांनी विचारलं नाही. बाजूला बसणारी कोणी नव्हतीच, तर विचारणार कोण? पोळपाटासमोर बसून मी स्वतःला समजवायचे, बी.ए.त नाव तर आहे ना.

एका रविवारी संस्थेचे अध्यक्ष जेवायला येणार होते. मॅडम म्हणाल्या, "रोडगे करा. तुमच्या हातचे गावठी."

रोडगे म्हणजे घाईचं काम नाही. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरायचे आणि तिथंच बसून राहायचं. वेळेवर फिरवले नाहीत की एका बाजूनं कोळसा होतात. मी सकाळपासून मागच्या अंगणात धुरात बसले. समोर मैदान, मैदानापलीकडं आमचा वर्ग. खिडक्या उघड्या होत्या. त्या दिवशी मास्तर परीक्षेत काय येणार ते सांगणार होते. एकेक जण वर्गात जाताना दिसत होता. माझ्यासारखेच शाळा सुटलेले. एक होमगार्ड, एक दुकानदार, लेकराला कडेवर घेतलेली एक बाई. लेकरू घेऊन ती आत गेली. मी विस्तवापाशी.

अध्यक्ष आले. मॅडम त्यांना थेट मागं घेऊन आल्या. फोटोवाला सोबत. पोरींना माझ्या मागं उभं केलं. माझ्या हातात रोडग्यांची परात दिली आणि डोक्यावरचा पदर नीट करायला सांगितलं.

"साहेब, ही आमची विद्यार्थिनी," मॅडम म्हणाल्या. "चौथी शिकलेली. कोणी आधार नव्हता. आपण राहायला जागा दिली, आज बी.ए. शिकते आहे."

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "मावशी, हसा थोडं. काय शिकता?"

मैदानापलीकडून मास्तरांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.

तोंड उघडलं. शब्द निघाला.

"काहीच शिकून नाही राह्यली मी, साहेब."

मॅडम हसल्या. "लाजतात त्या."

"लाजत नाही. माहा तास तिकडं चालू हाये. मी इथं हावो."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मागं एक पोरगी हळूच म्हणाली, "मावशी कॉलेजात हाये?" इतके दिवस माझ्या हातचं खाऊन तिला ते माहीत नव्हतं.

मी परात खाली ठेवली. नळावर हात धुतले. मॅडम ओरडल्या, "अहो, विस्तवात अजून आहेत ना! जळतील!"

"जळू द्या."

मैदान ओलांडलं. वर्गात शेवटच्या बाकावर बसले. अंगाला धुराचा वास. तास जवळजवळ संपला होता. जेवढा उरला तेवढा ऐकला.

संध्याकाळी माझी सतरंजी आणि पिशवी फाटकापाशी ठेवलेली होती. पोरींपैकी कोणी खाली आलं नाही. मी उचलली आणि स्टँडवर गेले.

सोमवारी पुन्हा घाट चढून आले. प्रतिज्ञापत्रासाठी कोर्टाबाहेर झाडाखाली टाइप करणाऱ्यापाशी बसले. त्यानं न विचारताच अर्धं टाइप केलं होतं. वाचून दाखवलं, "घरगुती कारणामुळे शिक्षणात खंड पडला."

"ते खोडा, भाऊ."

"काऊन? समदे हेच लिहितात."

"लिहा, धाकट्या भावाले सांभाळाले मले चौथीतून काढलं. मी हुशार होती. मले कोनी विचारलं नाही."

त्यानं टाइपवरून हात काढला. "बाई, असं कोर्टात चालत नाही."

"खरं हाये ना? शपथेवरच लिवाचं हाये ना? मंग लिहा."

त्यानं लिहिलं. मी सही केली. अंगठा नाही, सही.

तो कागद घेऊन पुढच्या वर्षाच्या फीसाठी खिडकीवर गेले. बाबूनं वाचलं. या वेळी तो हसला नाही. मीही हसले नाही. सवलत देतो म्हणाला नाही, नाही म्हणालाही नाही. "पाहू," म्हणाला.

पाहा. मी येत राहीन. राहायला जागा नाही. शनिवारी तास सुटला की मिळेल त्या जीपनं, ट्रकनं उतरीन, रविवारी पहाटे पुन्हा चढीन. मोबदल्यात कोणाच्या पोळ्या लाटणार नाही. माझ्यावर कोणी हसलं तर सोबत हसणार नाही. आणि तासाला बसले असताना कोणीही बोलवायला आलं, तरी आता उठणार नाही.