आमच्या सेनापती सासूबाई

आमच्या सासूबाई मागच्या जन्मी सेनापती होत्या हे कळलं, तेव्हा सगळं शहर तोंडात बोट घालून बसलं. मला काडीचंही नवल वाटलं नाही. मला ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं होतं. मी डोळे चोळत खाली आले, तर ह्या कमरेवर हात ठेवून उभ्या. "हा टॉवेल असा कुणी ठेवला?"

आमचं धुलाईचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे पाणी तापवायचा मोठा हंडा, इस्त्रीची टेबलं आणि वर माळ्यावर आमचा संसार. सासूबाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. गिऱ्हाईक असो, माझा नवरा असो, नाहीतर मी असो, चुकलात की संपलात. त्यातून घडीचं प्रकरण तर विचारूच नका. सगळं जग दोन्ही बाह्या मागे घेतं आणि मोकळं होतं. आमच्याकडे नाही. आमच्याकडे डावी बाही आधी आत, मग कॉलर खाली, मग खालून वर गुंडाळत यायचं. "असं का?" म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "असंच असतं." पुढे काय बोलणार, कपाळ!

आता त्या सेनापतीचं सांगते. आमच्याकडे माणूस मेला की पुन्हा जन्माला येतो. कोण कुठे आला ते कळत नाही आणि खरं सांगायचं तर कुणाला पडलेलंही नसतं. ह्या जन्मीची नाती सांभाळतानाच नाकी नऊ येतात. फक्त एका बाबतीत आमची माणसं हट्टी आहेत. ज्यानं हुकूम दिला, त्यानंच तो संपवायचा. ह्या जन्मी नाही जमलं तर पुढच्या जन्मी.

फार वर्षांपूर्वी राखेच्या राणीचं सैन्य आमच्यावर चालून आलं होतं. तेव्हा सेनापतीनं वरच्या खिंडीत मूठभर माणसं उभी केली. "मी मदत घेऊन येतो. मी येईपर्यंत इथून हलू नका," असं म्हणाला, अंगातला कोट काढून घडी करून त्यांच्याकडे ठेवला, आणि गेला तो गेलाच. लढाई भलतीकडेच संपली. राणी मेली. तिच्या देशातून आता आम्हाला साबण येतो, चांगला असतो. पण खिंडीतली माणसं काही हलली नाहीत. तिथेच त्यांनी घरं बांधली, पोरंबाळं झाली, आणि प्रत्येक घरातलं एक माणूस अजूनही पहाऱ्यावर उभं असतं. शपथ घेतली की खिंड सोडायची नाही, सेनापती येईपर्यंत नाहीतर मरेपर्यंत. शहरात लोक म्हणतात, सेनापती जीव घेऊन पळाला. खिंडीवर कुणी असं म्हणत नाही.

आम्हाला ह्याचं काय, असं वाटेल. आम्हालाच होतं. माझा धाकटा दीर एकदा धुतलेले कोट पोचवायला वर गेला आणि तिथल्या मुलीच्या प्रेमात पडला. त्यांच्या घरातून पहाऱ्याची पाळी तिची होती. हा शहाणा तिच्या जागी स्वतः उभा राहिला! मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जायचा तो. त्याची बटणं लावून लावून माझी बोटं झिजली. त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून रडले. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी त्याचं नाव टाकलं.

थंडी सरली की माझी जाऊ, म्हणजे त्याची बायको, पहारेकऱ्यांचे कोट घेऊन दुकानात यायची. सासूबाई तिच्याकडे बघायच्याही नाहीत. "कोट मोजून ठेवा. परवा या." परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, वर अहो-जाहो! मी मागच्या दारी तिला पाणी द्यायची आणि दिराची खुशाली विचारून घ्यायची. तो बरा आहे म्हणायची. बरा म्हणजे कसा, ते मला तिच्या तोंडावरून कळायचं.

ह्या वेळी तिनं एक कोट वेगळा आणला. जुना, जड, सोबत एक छोटी कातडी पिशवी. सासूबाईंनी तो स्वतः धुतला, वाळवला, आणि जाऊ न्यायला आली तेव्हा तिच्यासमोरच घडी केली. डावी बाही आत, कॉलर खाली, खालून वर गुंडाळला, पिशवीत सारला आणि पट्टा लावला. जावेच्या तोंडचा रंग उडाला.

"हे कसं केलंत?"

"कसं म्हणजे? घडी केली."

"आजोबांच्या लहानपणी ह्याला कसर लागली म्हणून पिशवीतून काढला होता," जाऊ म्हणाली, "तेव्हापासून परत कुणाला ह्यात बसवता आला नाही. सगळे थकले." आणि ती काउंटरला धरून मटकन खाली बसली. "आई, हा सेनापतीचा कोट आहे."

तिनं त्यांना आई म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मी कुणाची सेनापती-बिनापती नाही," सासूबाई कडाडल्या. "मला काहीएक आठवत नाही. चार पायऱ्या उतरले की माझे गुडघे बोंबलतात!"

पण असल्या बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत दुकानापुढे ही गर्दी. एकजण तर न चुरगळलेला शर्ट घेऊन आला, म्हणे सेनापतींच्या हातची इस्त्री हवी. आमचे हे खुशीत. मी मात्र सासूबाईंना माळ्यावर गाठलं.

"आई, वर चला आणि सांगा त्यांना, हुकूम संपला म्हणून. भावोजी घरी येतील!"

"खोटं सांगू?"

"लेकासाठी सांगा की!"

"त्या माणसांनी एका शब्दावर जन्म काढले," त्या म्हणाल्या. "त्यांना मी खोटा शब्द देऊ? आणि माझा मुलगा त्या खोट्यावर खाली उतरला, तर पुढे माझं तोंड बघेल का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण राग काही जाईना. "मग निदान त्याला बघून तरी या," मी म्हणाले. "आई आहात ना त्याची? की ते पण आठवत नाही?"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी बघते, तर बूट चढवून दारात उभ्या. "कोट आपणच पोचवू. नुसता कोट. मी तोंड उघडणार नाही, आधीच सांगून ठेवते."

आम्ही तिघी निघालो. पिशवी अर्थातच माझ्या खांद्यावर. चढ असा, की मी मनातल्या मनात सेनापतीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटच्या वळणावर सासूबाई थांबल्या. तिथे काही नव्हतं. काटेरी झुडपं आणि एक फुटका कातळ. मला वाटलं, गुडघे. पण त्यांनी हात डाव्या बरगडीखाली दाबून धरला होता.

"मी इथे पडले," त्या म्हणाल्या.

"कधी? लागलं का?" मी त्यांचे कपडे झाडायला लागले.

"आत्ता नाही गं." आवाज त्यांचाच होता, पण इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "मागची माणसं अजून खालीच होती. मी पुढे आले होते, मदत येतेय हे सांगायला. वरून खिंडीतल्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. हाक मारली, पण आवाजच फुटेना."

आणि माझी ही करारी सासू त्या कातळाला धरून हमसून हमसून रडायला लागली. मी सहजासहजी कशावर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी त्यांना घट्ट धरून बसले. दुसरं करणार काय?

"म्हणजे सेनापती परत येत होता?" जावेनं विचारलं.

"येत होते गं. अगदी जवळ आले होते."

जावेनं तोंड फिरवून डोळे पुसले. "आजोबा मरेपर्यंत हेच विचारायचे," ती म्हणाली.

वर दगडी भिंत होती, आणि भिंतीपाशी पहारेकरी भाले घेऊन खोऱ्याकडे तोंड करून उभे होते. पहाऱ्यावर असताना मागे बघायचं नसतं. टोकाला दीर होता. पाठमोराच ओळखला मी त्याला, डावा खांदा जरा उतरलेला. आमची चाहूल त्याला लागली असणारच. पण वळला नाही. सासूबाई त्या पाठीकडे बघत राहिल्या.

सगळ्यांत म्हातारा पहारेकरी, त्यांचा नाईक, पुढे आला. त्यानं पिशवी पाहिली, तिचा बांधलेला पट्टा पाहिला, मग सासूबाईंना पाहिलं. मला वाटलं, आता सासूबाई सेनापतीसारखं काहीतरी खणखणीत बोलणार. त्यांनी नुसते हात जोडले.

"मी आले," त्या म्हणाल्या. "फार उशीर झाला मला."

नाईकानं पिशवीच्या पट्ट्यावरून हात फिरवला. मग, घरी उशिरा आलेल्या माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं, "वाटेत काही झालं होतं का?"

"हो. मेले होते."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "असंच काहीतरी असणार, म्हणायचो आम्ही," तो म्हणाला, आणि त्यानं आपला भाला भिंतीला टेकवून ठेवला.

मग एकेकानं ठेवला. एक म्हातारी तर तिथेच बसली आणि पाय दाबायला लागली. माझा दीर सगळ्यांत शेवटी वळला. कानशिलावरचे केस पिकलेत त्याचे.

"आई," तो म्हणाला, "एवढं चढून कशाला आलीस? तुझे गुडघे..."

"चढताना नाही, उतरताना दुखतात," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी एक हात लेकाच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा धाकट्या सुनेपुढे केला. "धर गं मला. घरी जाऊ."