वच्छलाबाईचा सुटवाला

गोंडपिपरीच्या आठवडी बाजारात वच्छलाबाईकडं मासळी घ्यायला गेलं, की ती आधी भाव सांगायची नाही. पावशीच्या पात्यावर रोहू आडवा धरायची आणि मान वर न करता विचारायची, "पहिले सांग, जुना का नवा?" अनोळखी गिऱ्हाईक बिचारं माशाचे कल्ले उचकून बघायचं आणि म्हणायचं, "ताजा द्या बाई." त्यावर ती कपाळाला हात लावायची. "मासा त सकायचाच हाये गा. पिच्चरचं विचारून राह्यली मी!"

पिच्चर म्हणजे एका विलायती गुप्तहेराचे. आमच्या आईबापांच्या लग्नाआधीपासून ते निघताहेत आणि अजून संपायचं नाव नाही. नट म्हातारा झाला की बदलतात, हेर तोच राहतो. त्याचं नाव आमच्या गावात कुणाच्या जिभेवर नीट बसलं नाही, म्हणून तो कायमचा 'सुटवाला' झाला. वच्छलाबाईच्या लेखी त्यातला पहिला नट खरा, दुसरा चालवून घेण्यासारखा, आणि त्यानंतरचे सगळे "सुट भाड्यानं आनलेले". हा झाला 'जुना'. 'नवा' म्हणजे हल्लीचे दांडगे पिच्चर, ज्यात हीरो एका हातानं ट्रक उचलतो आणि दुसऱ्या हातानं मिशी पिळतो. जो 'नवा' म्हणेल त्याला मासळी मिळायची, पण तुकडे होईपर्यंत भाषण ऐकावं लागायचं.

"एका हातानं टरक उचलते म्हन्ते. मंग त्याच्यात डायवर कायले बसवला?" इथून सुरुवात व्हायची. "मांग एवढा धमाका होऊन राह्यला, अन् हा बापा चष्मा घालून हळूहळू चालून राह्यला. घरी कोनी वाट पाहत नाई का याची?" सुटवाल्याचं कौतुक मात्र ती आवाज खाली आणून करायची. "हानामारी त बैलायची बी होते. इस्त्री न मोडता हानलं पाह्यजे."

हे वेड तिनं माहेरून आणलेलं. तिचे मामा चंद्रपूरच्या एका टॉकीजमध्ये दारावर उभे राहून तिकिटं फाडायचे. सुट्टीत मामाकडं गेलेली ही पोरगी पडद्यापुढच्या पहिल्या बाकावर बसायची. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. "बोलनं समजत नाई, म्हनून त डोये फाडून पाह्यलं," असं ती सांगायची. लग्न होऊन आमच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात आली, तेव्हा नवऱ्याला, म्हणजे गणपतभाऊला, तिनं पहिलं काम लावलं ते एसटीनं चंद्रपूरला नेऊन सुटवाला दाखवायचं. पुढं सुटवाला हिंदीत बोलायला लागला, टीव्हीवर आला, पण या जोडप्यानं तो चुकवला असं झालं नाही. गणपतभाऊ मोजकं बोलणारा. पिच्चरचा वाद रंगला की जाळं विणता विणता "बरोबर हाये तिचं" एवढंच म्हणायचा, आणि बाई त्याच्याकडं बोट करून जाहीर करायची, "आमच्या दोघायचा हीरो हाये थो."

वादातला तिचा पक्का वैरी प्रकाश. आमच्या तलावाच्या मासेमारी सोसायटीचा हा तरुण सचिव नवा पिच्चर लागला की हातातलं काम टाकून मोटारसायकलला किक मारायचा. मी गोंडपिपरीत मोबाइल आणि डिश दुरुस्तीचं दुकान चालवतो. मतानं मी प्रकाशच्या बाजूचा, पण बाईसमोर तसं बोलायची माझी छाती नव्हती. प्रकाशला मात्र खाज होती.

"बाई, तुमचा सुटवाला पान्यात पडला तरी त्याचा भांग मोडत नाई."

"पोहता येते त्याले. तू पडला त सोसायटीले जाळं टाका लागन."

"अन् नव्या पिच्चरचा खर्च पाहा न वो किती असते!"

"खर्च पाहाले मी लग्नात जाते."

तलावाचा सगळा बांध हसायचा, प्रकाशसकट.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सोसायटीचं मोठं जाळं पडतं आणि निघालेल्या मासळीचे बांधावर सारखे वाटे लावतात. कितीही सारखे लावा, डोळ्यांना एखादा मोठा दिसतोच. म्हणून एकजण वाट्यांकडं पाठ करून बसतो. दुसरा एका वाट्यावर काडी ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो. त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. आमच्या तलावावर पाठ करून बसायचा मान वच्छलाबाईचा. कैकदा तिच्याच घरी डावा वाटा गेला, पण तिनं कधी मान वळवली नाही.

वाटे झाले की त्याच संध्याकाळी बांधावर पडदा बांधून पिच्चर दाखवायचा, हेही ठरलेलं. प्रोजेक्टर माझा. कुठला पिच्चर लावायचा यावरून डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा बाईनंच त्याला वाट्यांची रीत लावून दिली. दुपट्ट्याखाली दोन पेनड्राइव्ह, एकात जुना, एकात नवा. प्रकाशनं कुठला कुठे ते न बघता एकावर काडी ठेवायची आणि बाईनं पाठमोरं "लाव" किंवा "ठेव" म्हणायचं; "ठेव" म्हटलं की तो बाजूला आणि दुसरा लागायचा. बाई दरवेळी "लाव"च म्हणायची. त्यामुळं काडी पडेल तसा एखाद्या उन्हाळ्यात सुटवाला, एखाद्या उन्हाळ्यात ट्रकवाला, असं चाललं होतं.

मागच्या वर्षी गणपतभाऊला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माणूस शुद्धीत होता, भरवलेलं खात होता, पण चेहरा कोरा. कुणी आलं तरी कोरा, कुणी गेलं तरी कोरा. डॉक्टर म्हणाले, त्यांचा जीव रमेल असं काही करत राहा. बाईनं बाजार सोडला. एकदा ती माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसून रडली. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं.

"एक डाव हसला पाह्यजे, इलास. मंग मी बाकीचं सारं करते. टीव्हीवर सुटवाला लावला त पाह्यते अन् झोपून जाते. मोठा पडदा पाह्यजे, टॉकीजसारखा. मोठ्या पडद्यावर पाह्यला त हसनच थो."

यंदा तलावाचा दिवस आला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं, की रीतबीत राहू द्या, सरळ सुटवाला लावू. ती भडकली. "मासोयीले एक रीत, अन् माह्या बुढ्याले दुसरी? मंग उद्या मले पाठ करून कोन बसू देइन?"

प्रकाशनं मला बाजूला घेतलं. "जुन्याले काही खूण करून ठेव गा. मी त्याच्यावरच काडी ठेवतो. बाई 'लाव'च म्हन्ते." नव्या पिच्चरवर जीव टाकणारा हा गडी, आणि असं म्हणत होता. मी जुन्याच्या पेनड्राइव्हला दोरा बांधला आणि पोरांच्या कानावर घातलं.

ऊन उतरल्यावर गणपतभाऊला बाजेसकट बांधावर आणलं. बाई पाठ करून बसली. प्रकाशनं दुपट्ट्यावरून दोरा चाचपला, काडी ठेवली आणि विचारलं, "याचं काय, बाई?"

एरवी या वेळी बांधावर नुसता कालवा असायचा. कुणी शिट्ट्या मारायचं, कुणी नव्या हीरोच्या नावानं ओरडायचं. त्या दिवशी सगळे हाताची घडी घालून उभे. पाठमोऱ्या बाईनं कान टवकारले.

"ठेव," ती म्हणाली.

प्रकाशचा चेहरा पडला. "बाई, एक डाव इचार करा न."

"केला. एवढे चुपचाप तुमी कोनाच्या मयतीत बी बसत नाई. मले का समजत नाई, तुमी का करून राह्यले थे?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "लाव तुमचा टरकवाला."

मी खट्टू मनानं प्रोजेक्टरची वायर लावली. नवा पिच्चर सुरू झाला. बाई नवऱ्याच्या पायाशी, बाजेच्या कडेवर बसली, तोंड आंबट करून. थोड्या वेळानं हीरोनं एक ट्रक उचलला आणि दुसऱ्या ट्रकवर फेकला. तो ट्रक पुलावर पडला आणि पूल व्हिलनच्या बंगल्यावर. पोरांना राहवलं नाही, शिट्ट्या सुटल्याच. त्या गोंगाटात मला एक वेगळा आवाज आला, खरखरीत, अडकत अडकत येणारा. गणपतभाऊ हसत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि डावा हात बाजेवर आपटत होता. पुढचा ट्रक उडाला तसा तो आणखी हसला. प्रकाश माझ्याशेजारी उभ्या उभ्या रडायला लागला आणि मलाही पडदा दिसेना.

बाई तर पडद्याकडं बघतच नव्हती. ती नवऱ्याकडं बघत होती, आधी आनंदानं आणि मग, थोड्या वेळानं, जरा संशयानं.

पिच्चर संपल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. ती जवळ आली.

"हसले न भाऊ!" मी म्हणालो.

"हसला." ती माझ्या पेटीवर बसली. "इलास, याले सुटवाला कधी आवडतच नव्हता गा. माह्यासाठी पाहे थो. लग्न झालं तवापासून. अन् मी साऱ्या बाजाराले सांगत फिरली, आमच्या दोघायचा हीरो."

"मग आता?" मी विचारलं.

तिनं डोळे पुसले, पदर खोचला. "आता का? उद्या घरी येऊन टीव्हीवर टरकवाला लावून दे. रोज पाहीन मी. त्यानं एवढे वर्ष पाह्यलं, मले का धाड भरली?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा तिनं नवऱ्याची बाज ओढून टीव्हीसमोर लावली होती, आणि बाजेला खेटून स्वतःसाठी पाट मांडला होता.