चुण्यांचं भेद्रं

आज सकाळी बडनेरा रस्त्यावरच्या रोपवाटिकेत उगाच शिरले. पौषातलं ऊन अजून अंगाला लागत नव्हतं. ट्रेमधली टोमॅटोची रोपं एका उंचीची, एका रंगाची, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखी दिसत होती. एका पानाला बोट लावलं आणि तो हिरवा, उग्र, किंचित कडवट वास बोटाला चिकटला. घरी येऊन दोनदा साबण लावला तरी जाईना. चहाचा कप तोंडाशी नेला की आधी तोच वास येई, आणि मग चहा राहिला बाजूला, मला अकोल्याच्या माझ्या थोरल्या बहिणीचं परसदार दिसायला लागलं.

तुम्ही टोमॅटो म्हणत असाल. आम्ही वऱ्हाडातली माणसं घरात त्याला भेद्रं म्हणतो. ताईच्या परसात भेद्र्याचे तीन वाण असत आणि ज्या बाईने बी दिलं तिच्यावरून त्यांची ओळख ठरलेली असे. लांबट होतं ते जावेचं. बोराएवढं होतं ते सेमाडोहवालीचं. आणि तिसरं चपटं, गुलाबीसर, देठाशी चुण्या पडलेलं, ते आमच्या आईचं. साल इतकी पातळ की तोडल्यावर दोन दिवसांत मऊ पडायचं. बाजाराने त्याला कधी विचारलं नाही. पण चिरून नुसतं मीठ टाकलं तरी जेवताना दुसरं काही नको वाटायचं. आईच्या हातचं म्हणावं असं आम्हा बहिणींकडे एवढंच उरलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर भेद्रं हवं तर बी ऐन थंडीत टाकावं लागतं, आणि थंडीत बी हटून बसतं. ताई ते कोमट पाण्यात भिजवायची, मऊ सुती चिंधीत बांधायची आणि ती पुरचुंडी कनवटीला लावायची. मग चार-पाच दिवस ती पुरचुंडी तिच्याबरोबर भाकरी थापायची, धुणं धुवायची, शेजारणींशी गप्पा मारायची. सुकत आली की ताई तिच्यावर चार थेंब शिंपडायची. पांढरं टोक दिसलं की बी राख-शेणखताच्या मातीत जायचं आणि रोज उन्हं कलली की वर पोतं पडायचं. मी शाळेत विज्ञान शिकवणारी. फळ्यावर बीजांकुरणाच्या आकृत्या काढण्यात जन्म गेला. मी तिला चिडवायचे, "ताई, अंडी उबवायला बसलीस की काय?"

"हास तू," ती म्हणायची. "बीले आंगाची ऊब लागते, चुलीची नाई. चुलीले काय समजते, किती द्याची ते?"

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. दोन वर्षं तिने काहीच लावलं नाही, आणि जावेचं, सेमाडोहवालीचं बी उंदरांनी खाल्लं. यंदा दिवाळीच्या आधी तिची उजवी बाजू गेली. भेटायला गेले तेव्हा जड जिभेने तिने सुनेला काहीतरी सांगितलं. सुनेने गव्हाच्या कोठीतून कॅलेंडरच्या पानाची एक गुंडाळी आणून माझ्या हातात दिली. पानावर चाळीसेक बिया वाळून चिकटलेल्या होत्या.

"आईचं हाये," ताई म्हणाली. "एवढंच रायलं. अखीन एक साल गेलं का मरते ते. यंदा तू टाक."

मी टाकलं. म्हणजे निम्मं टाकलं, गच्चीवर, ट्रेमध्ये, रोज पहाटे गार पाणी घालून. पंधरा दिवसांनी माती उकरून पाहिली तर बिया कुजून बुळबुळीत झालेल्या. तेव्हा कुठे पुरचुंडी आठवली. पण पंजाबी ड्रेसला कनवट कुठून आणायची? आणि खरं सांगते, मला लाजही वाटली. सेवानिवृत्त मुख्याध्यापिका कमरेला चिंधी खोचून फिरणार? मी उरलेल्या सगळ्या बियांची पुरचुंडी बांधून इन्व्हर्टरवर ठेवली. थर्मामीटर लावून पाहिला, पुस्तकात असतं तेवढं तापमान भरलं, आणि मी स्वतःवर खूश झाले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून लाइट गेली. मी बाहेर होते. संध्याकाळी आले तर इन्व्हर्टर तापलेला आणि चिंधी पापडासारखी कडक.

मग सगळी लाज सोडली. चिंधी पुन्हा भिजवली, ओढणीने पोटाशी करकचून बांधली आणि दहा दिवस तशीच वावरले. रोज सोडून पाहायची, भिंगातून पाहायची, पांढरं टोक काही दिसेना, पुन्हा बांधायची. जिच्या आकृतीचे मी तीस वर्षं गुण दिले ती गोष्ट माझ्या अंगाला चिकटून होती आणि मला तिचं काहीही करता येत नव्हतं. इतकी हतबल मी ताईच्या खाटेशीही झाले नव्हते. कुणाकडे हे बी आहे का म्हणून ओळखीच्यांना विचारलं, आठवडी बाजारातल्या माळणींना विचारलं. चुण्यांचं भेद्रं म्हटल्यावर एक म्हातारी तेवढी म्हणाली, "होतं वं माय, पहिले होतं."

गेल्या रविवारी अकोल्याला गेले. खरं सांगायचं ठरवूनच गेले होते. ताई उशीला टेकून बसली होती. मी चपला काढते न काढते तोच तिने विचारलं, "निंगालं का वं?"

तिचा अर्धा चेहरा हलत नव्हता, पण उरलेल्या अर्ध्यात इतकी आस होती की माझ्या तोंडून निघून गेलं, "हो ताई. निघालं."

"किती?"

"अकरा."

ती हसली. मग डावा हात उचलून, शब्द जुळवत, मध्ये दम घेत ती सांगायला लागली. रोप वीतभर झाल्याबिगर हलवू नोको. हलवशीन तं सांजच्याले हलवजो. बुडाले राख टाकजो, पानी झारीनं देजो. अन् पयलं भेद्रं पिकलं का खाऊ नोको बाई, कितीबी मन झालं तरी. ते बियाले ठेवजो.

मी पर्समधून वही काढली आणि खाली मान घालून सगळं लिहून घेतलं. एकदा एक शब्द समजला नाही, तर तिने तो तीनदा सांगितला. काही चुकू नये म्हणून.

ती वही आता माझ्या टेबलावर आहे. आईचं भेद्रं कसं जगवायचं ते सगळं तीत आहे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. बी तेवढं नाही. आणि ताई सुनेच्या फोनवरून रोज विचारते, आज रोप केवढं झालं. काल मी सांगितलं, चार पानं फुटलीत.