वळणावरचा खाकी गडी

तर तो ट्रकवाला खाली उतरला, बुजगावण्याला सलाम ठोकला आणि गाडीचे कागद पुढे धरून उभा राहिला, इथवर काल आलं होतं. कागद कुणी घेईना, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की साहेबाच्या बाहीतून कडबा बाहेर आला आहे. मी माझ्या बांधावर काम सोडून हसत बसलो होतो. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी मुळापासून सांगतो, कारण हे बुजगावणं उभं करणारा उकंडा मैलकुली सांगण्यासारखाच माणूस होता.

मोठ्या बहिणीनंतरची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं, म्हणून नाव उकंडा. पोरवयापासून त्यानं लोकांच्या ज्वारीची राखण केली. पाखरं त्याला ओळखून होती आणि तो पाखरांना. छप्पन साली नागपुराहून दीक्षा घेऊन आला, वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात बसून शंभरापर्यंत मोजणी पक्की केली, आणि बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागला. पांढरकवड्याच्या अलीकडची दोन मैल सडक त्याच्याकडे. खड्ड्यात मुरूम टाकायचा, कडेचं गवत काढायचं, मैलाच्या दगडांना चुना मारायचा. मोठा नेक माणूस. त्याच्या दोन मैलांत एसटीसुद्धा कमी हादरायची.

आता गोम अशी, की त्याच्या वस्तीची विहीर सडकेपलीकडे, नेमकी वळणावर. बाया डोक्यावर पाण्यानं भरलेले पितळी गुंड घेऊन सडक ओलांडायच्या. एकसष्टच्या उन्हाळ्यात त्याची मोठी बहीण तुळसाबाई ट्रकच्या धक्क्यानं पडली आणि जन्माची लंगडी झाली. मग खात्यानं पाटी लावली, वेग पंधरा मैल. उकंडानं स्वतः खड्डा खणून ती रोवली आणि बाजूला बसून मोजायला लागला. वळणाआधी फर्लांगाचे दोन दगड होते. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश तीस मोजून व्हावेत, तर गाडी पंधरा मैलांत, हा हिशेब त्याला ओव्हरसियर साहेबानंच शिकवलेला. ट्रक यायचे बारा मोजता मोजता, एखादा तर दहातच. पाटी लागायच्या आधीही बारा, लागल्यावरही बारा. चार दिवस मोजून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, नानाजी भाऊ, पाटी वाचाले डोळे लागतात, भ्याले दुसऱ्याचे डोळे लागतात. मग माझ्याकडून दोन पेंढ्या कडबा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी वळणावर गडी उभा. खात्यानं दिलेला जुना खाकी सदरा, खाकी टोपी, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, हातात काठी. दुरून पाहिलं तर कुणाचीही छाती धडधडावी. त्याची बायको पंचफुला सगळ्या बायांसमोर म्हणाली, की माह्या नवऱ्यापेक्षा हा बरा, दिवसभर उभा रायते अन भाकर मागत नाही. उकंडानं मान डोलावली आणि पुन्हा मोजलं. अठ्ठावीस, तीस, एक ट्रक तर चाळीस. कालचा तो सलामवालाही त्याच दिवसांतला. पुढं तो नोकरीत होता तोवर त्या वळणावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे आताच सांगून टाकतो.

पण दोन महिन्यांत एका ट्रकमालकानं वर अर्ज केला, की सरकारी कपडे गवताला घालून लोकांची थट्टा चालली आहे. ओव्हरसियर साहेब जीपनं आला, रागातच. खाकी गडी वळणावर सदा असायचाच, आणि त्या सकाळी उकंडा हातात फावडं घेऊन माझ्याजवळ बांधावरच्या निंबाखाली उभा होता. साहेब म्हणाला, ही सडक आहे, शेत नाही. गवत आता सगळ्यांना माहीत झालं, कुणी हळू होत नसेल. पाच गाड्या मोजू, एक जरी जोरात गेली तर आजच तुझा गडी उतरवायचा आणि उद्यापासून तूही येऊ नको.

पलीकडे पंचफुला भरलेला गुंड घेऊन थांबली होती. साहेबानं घड्याळ काढलं, उकंडानं ओठांतल्या ओठांत मोजणी धरली. पहिला ट्रक एकोणतीस. दुसरा एकतीस. एसटी पस्तीस. एक मोटार सव्वीसात गेली, पण साहेबानं घड्याळाकडे पाहून एवढं चालतं असं म्हटलं. पाचवा ट्रक तर ओळखीचा निघाला, त्याच सलाम ठोकणाऱ्याचा, तसं मी साहेबाला सांगितलंही, आणि तोही तेहतीस मोजेपर्यंत दुसऱ्या दगडाशी आला नाही. पंचफुला डाव्या-उजव्या हाताला न पाहता सडक ओलांडून आली.

साहेब घड्याळ खिशात ठेवून बुजगावण्यापाशी गेला आणि त्याच्या बाहीतला कडबा ओढून पाहिला. टोपीवर एक साळुंकी निवांत बसली होती. आता साहेबानं जे विचारलं त्याचं उत्तर मलाही ठाऊक होतं, पण ते द्यायचं उकंडानं. पाखराले समजते हे गवत हाय, त्या सलामवाल्याले बी समजते, मग गाड्या हळू कायले होऊन राह्यल्या, असं साहेबानं उकंडाच्याच बोलीत विचारलं.

उकंडानं फावडं खाली ठेवलं.

"साहेब, ज्वारीत आठ दिवसांनी पाखरू गवताच्या डोक्यावर बसते, म्हून आठातून दोन दिवस तोच सदरा घालून मी सोता उभा राहो, अन काठी हाणो. इथं बी तसंच करतो. परवा मीच उभा होतो, तो सलामवाला गवत समजून जोरात आला, अन म्या त्याचा नंबर पांढरकवड्याच्या पोलीस ठाण्याले लिहून धाडला. आज गवत हाय का उकंडा, हे जवळ आल्याबिगर कोणाले समजत नाही, अन जवळ येईस्तोवर गाडी हळू झाली रायते."